रक्त आलं परत… आणि उडाला भडका!

दोस्तांनो, आधी हात पुढे करा! एका अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबून धरा. जरा जोरात. पाच आकडे मोजा. आता सोडा!

काय दिसलं? दाबल्यावर नख पांढरंफटक पडलं. सोडल्याबरोबर पुन्हा गुलाबी! तो गुलाबी रंग म्हणजे तुमचं रक्त. दाबलं तेव्हा ते बाजूला सरकलं, सोडलं तेव्हा धावत परत आलं. डॉक्टरसुद्धा पेशंटचं नख असंच दाबून बघतात बरं का! दोनेक सेकंदांत गुलाबी झालं, तर रक्ताची ये-जा झकास चालली आहे असं समजायचं.

पण समजा, रक्त पाच सेकंद नव्हे, अर्धा तास आलंच नाही तर?

बोट तेवढं सहन करतं. हातापायांचे स्नायू तर चार-सहा तासही तग धरतात. हृदयाचे स्नायू मात्र वीस मिनिटांनंतर मरायला लागतात. आणि मेंदू? तो सगळ्यात नाजूक! चार-पाच मिनिटांतच त्याच्या पेशी दगावायला सुरुवात होते.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? रक्त थांबलं की इजा होणारच. मग रक्त परत सुरू केलं की झालं!

थांबा, थांबा! खरी गंमत पुढेच आहे. इजेचा एक मोठा वाटा रक्त थांबलेलं असताना होतच नाही. तो होतो रक्त परत आल्यावर! ज्याची वाट बघत बसलो, तेच आल्या आल्या मारायला लागतं. काय सांगता!

हे समजून घ्यायला चला, गुऱ्हाळावर जाऊ.

कोल्हापूरच्या पोरांना गुऱ्हाळ काय ते सांगायला नको. बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी गुऱ्हाळं सुरू होतात. घाण्यात ऊस पिळतात. रस भल्यामोठ्या काहिलीत ओततात. काहिलीखाली असतं चुलवाण, म्हणजे जमिनीत खोदलेली मोठी चूल. त्यात उसाची वाळलेली चिपाडं सारत राहायची. जाळ धडधडतो, रस उकळतो, आणि सगळीकडे असा काही गोड वास सुटतो की तिथून पाय निघत नाही!

तुमच्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक इवलंसं गुऱ्हाळ समजा. तिच्यातही चुलवाणं असतात. तंतुकणिका हे त्यांचं नाव, शाळेच्या पुस्तकात भेटेलच. एका पेशीत शेकडो, कधी हजारो तंतुकणिका! हृदयाला क्षणाचीही सुट्टी नसते, म्हणून त्याच्या स्नायूपेशीत तर जवळजवळ एक तृतीयांश जागा या चुलवाणांनीच भरलेली असते.

तिथं चिपाडं कुठली? तुम्ही खाल्लेल्या भाकरीची, भाताची, गुळाची! आणि हवा? ती तुमच्या श्वासातली. श्वासातला ऑक्सिजन रक्तात बसून पेशीपर्यंत येतो. चिपाडं आणि हवा एकत्र आली की जाळ होतो, आणि त्यातून पेशीला ताकद मिळते. अर्थात, पेशीत खरोखरच्या ज्वाळा नसतात हं. सगळं शांतपणे, पायरीपायरीनं चालतं.

आता रक्त थांबलं. म्हणजे चुलवाणाची हवा बंद!

जाळ मंदावतो. आत घातलेली चिपाडं मात्र तशीच पडून राहतात, अर्धवट जळलेली, नुसती धुमसणारी. त्यांचा ढीग साचत जातो. वर काहिलीतला रस नुसता पडून आंबायला लागतो. पेशीतही अगदी तसंच होतं! हवेविना कशीबशी थोडी ताकद मिळवायच्या धडपडीत पेशीत आम्ल साचतं. शिवाय सक्सिनेट नावाचा एक पदार्थ साठत जातो. हाच तो अर्धवट जळलेल्या चिपाडांचा ढीग! केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो २०१४ साली शोधून दाखवला.

इतका वेळ धुमसणाऱ्या या ढिगावर अचानक भरपूर हवा सोडली तर काय होईल, सांगा पाहू!

भप्पकन भडका!

रक्त परत येतं तेव्हा नेमकं हेच होतं. ऑक्सिजन लोंढ्यानं आत शिरतो. साचलेलं सक्सिनेट सगळं एकदम जळायला लागतं. आणि त्यातून ठिणग्या उडतात. मुक्त मूलक हे या ठिणग्यांचं नाव. हे असतात ऑक्सिजनचेच बिघडलेले, भांडखोर कण. जे दिसेल त्याला चिकटतात. पेशीचं आवरण, आतली प्रथिनं, काही म्हणून सोडत नाहीत. हे सगळं रक्त परत आल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत!

एवढ्यावर भागत नाही. पेशीत कॅल्शियमचाही पूर येतो. हो, दुधातलं, हाडं बळकट करणारं कॅल्शियमच! पण ते आत किती घ्यायचं याचं पेशीचं माप ठरलेलं असतं. ते माप चुकलं की हृदयाचा स्नायू आखडून बसतो. मग चुलवाणालाच भगदाडं पडतात. तंतुकणिका फुटल्या की पेशी संपलीच. वर पांढऱ्या पेशी मदतीला म्हणून धावून येतात आणि गोंधळात आपल्याच पेशींवर तुटून पडतात!

मग रक्त परत आणूच नये का?

छे छे! तसं कधीच नाही. हवा बंदच राहिली तर जाळ कायमचा विझणार आणि अख्खं गुऱ्हाळ बंद पडणार. रक्त परत यायलाच हवं, आणि जितकं लवकर येईल तितकं बरं. प्रश्न एवढाच, की भडका कसा टाळायचा?

पहिली युक्ती सोपी आहे. हवा बंद करण्याआधीच जाळ कमी करायचा! चिपाडं कमी सारली तर ढीग साचणारच नाही. शरीरात जाळ कमी करायचा म्हणजे काय करायचं, ओळखा!

थंड करायचं!

आपलं शरीर ३७ अंश सेल्सिअसला काम करतं. दर दहा अंश थंड केलं की पेशीचं काम साधारण निम्म्यावर येतं. एखादा अवयव ४ अंशांपर्यंत थंड केला तर त्याची भूक जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. जाळ राहतो, पण अगदी मिणमिणता.

थंडीनं काय जादू होते ते ऐका. १९९९ साली नॉर्वेमध्ये एक तरुण डॉक्टर बर्फावर घसरत जाण्याचा खेळ खेळताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. तब्बल ८० मिनिटं! बाहेर काढलं तेव्हा तिचं हृदय थांबलेलं होतं. शरीराचं तापमान होतं फक्त १३.७ अंश! दवाखान्यात यंत्रानं तिचं रक्त हळूहळू गरम करत फिरवलं. हृदय पुन्हा सुरू झालं. ती वाचली, आणि पुढे डॉक्टर म्हणून कामालाही लागली! गार पाण्यानं तिच्या मेंदूचा जाळ आधीच मंद केला होता, म्हणून हे शक्य झालं.

आता आपल्या कोल्हापूरकडे या.

एखाद्या माणसाच्या डोक्याला इतका जबर मार लागतो की त्याचा मेंदू कायमचा बंद पडतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासून खात्री करतात. तो माणूस आता परत येणार नसतो. अशा वेळी काही घरं, एवढ्या दुःखातही, त्याचे अवयव दुसऱ्यांना द्यायचं ठरवतात. केवढं मोठं मन! कोल्हापुरातला अवयव कुणाला द्यायचा हे पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठरवतं. आणि मग सुरू होते घड्याळाशी शर्यत!

हृदयाला साधारण चार ते सहा तास मिळतात. यकृताला बारा तासांच्या आसपास. मूत्रपिंड सगळ्यात सोशिक, ते एक दिवस किंवा त्याहून थोडं जास्तही थांबू शकतं.

आता हिशेब करा. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तावडे हॉटेलपासून महामार्गाला लागायचं. किणीचा टोलनाका, मग कराड, सातारा, मग खंबाटकीचा घाट. साध्या गाडीला चार तास सहज लागतात. म्हणजे रस्त्यानं निघालं तर हृदयाचा सगळा वेळ रस्त्यातच गेला! आणि पुण्यात पोचल्यावर ते बसवायलाही वेळ लागतो की. म्हणून लांब जायचं असेल तर हृदयासाठी विमान बघावं लागतं. मूत्रपिंडाला रस्ता चालतो.

रस्त्यानं जाताना पोलीस सगळी वाहतूक बाजूला करून देतात. चौकाचौकात ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी! याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. असा सायरन ऐकू आला आणि तुमची गाडी रस्त्यात असेल, तर बाबांना सांगा, गाडी बाजूला घ्या!

त्या ॲम्ब्युलन्समध्ये काय असतं? एक साधी शीतपेटी! सहलीला पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला नेतात ना, जवळपास तशीच. अवयव एकात एक घातलेल्या निर्जंतुक पिशव्यांत असतो आणि बर्फ बाहेर असतो. बर्फ अवयवाला थेट लागू द्यायचा नाही, नाहीतर पेशी गोठून फुटतात.

पिशवीत एक खास द्रवही असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात असा एक द्रव तयार केला. त्यात काय काय असावं? एक आहे रॅफिनोज नावाची साखर. राजम्यात आणि इतर कडधान्यांत असते ती, जी खाल्ली की पोटात गुडगुड होते, तीच! इथं मात्र ती फार मोलाचं काम करते. ती पेशीच्या आत शिरत नाही, बाहेर राहून पाणी धरून ठेवते, म्हणून पेशी फुगत नाहीत. आणि शिवाय त्यात ठिणग्या विझवणारे पदार्थही असतात. म्हणजे पुढे हवा सुटेल तेव्हाच्या भडक्याची तयारी आधीच केलेली! मला तर हा द्रव विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर पाककृतींपैकी एक वाटतो.

हे सगळं हाताशी नव्हतं तेव्हाही आपल्याकडच्या डॉक्टरांनी धाडस केलं होतं. जगात पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं गेलं ते डिसेंबर १९६७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला. आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ ला, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली! तो पेशंट काही तासच जगला. भारतात यशस्वी हृदयरोपण व्हायला पुढे १९९४ साल उजाडावं लागलं, तेही दिल्लीत. पण परळच्या त्या डॉक्टरांचं नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं.

आता दुसरी युक्ती. ही ऐकून तुम्ही उडालच!

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी ४० मिनिटं बंद ठेवली. काही कुत्र्यांच्या बाबतीत मात्र त्याआधी तीच वाहिनी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, असं चार वेळा केलं. म्हणजे त्यांना आधीच त्रास दिला होता. मग त्यांच्या हृदयाची इजा जास्त व्हायला हवी ना?

कमी झाली! आणि थोडीथोडकी नाही. इतरांच्या मानानं फक्त एक चतुर्थांश!

हवा थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू, असं केल्यावर ती इवलीशी गुऱ्हाळं जणू सावध झाली होती. मोठी बंदी आली तेव्हा त्यांनी आपणहून जाळ आवरता घेतला.

पुढे २००३ मध्ये अटलांटा शहरातल्या शास्त्रज्ञांनी उलट टोकाकडून करून बघितलं. मोठ्या बंदीनंतर हवा एकदम सोडायचीच नाही! अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, असं तीनदा. मगच पूर्ण सोडायची. पुन्हा इजा कमी! भडका उडायला सवडच मिळाली नाही.

आणि याहून चमत्कारिक गोष्ट तर पुढेच आहे. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायचा. फुगवून पाच मिनिटं हाताचं रक्त थांबवायचं, मग सोडायचं. असं तीन-चारदा. त्रास दिला हाताला, आणि सावध झालं हृदय! प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं. हातानं हृदयाला निरोप धाडला तो कसा? काही रक्तातून, काही नसांतून, एवढं कळलं आहे. पूर्ण कोडं अजून सुटलेलं नाही.

डॉक्टर खूश झाले. एवढी स्वस्त युक्ती! पट्टा तर प्रत्येक दवाखान्यात असतो. मग मोठमोठ्या चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या पाच हजारांहून जास्त माणसांवरची चाचणी पूर्ण झाली. निकाल काय लागला?

फायदा दिसला नाही.

हिरमोड झाला ना? शास्त्रज्ञांचाही झाला. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण, ठणठणीत. झटका आलेला माणूस बहुतेक वेळा वयस्कर, कुणाला मधुमेह, कुणाच्या पोटात आधीच चार औषधं. पट्ट्याचा निरोप कदाचित त्या गर्दीत हरवत असेल. म्हणून शोध अजून चालू आहे. प्रयोग मनासारखा झाला नाही तरी जगाला खरं ते सांगायचं, हे मला विज्ञानाचं फार आवडतं.

मग शास्त्रज्ञ आता कुणाकडे बघत आहेत? खारींकडे!

अलास्कातली एक खार थंडीत सात-आठ महिने बिळात झोपते. तिचं शरीर शून्याच्याही खाली जातं, उणे २.९ अंशांपर्यंत! हृदय मिनिटाला जेमतेम काही ठोके टाकतं. पण थांबा, नवल याचं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती मध्येच गरम होते. रक्त जोरात फिरायला लागतं, ऑक्सिजनचा लोंढा येतो. काही तास जागी राहते, आणि पुन्हा गार. एका हिवाळ्यात असं कितीदा तरी! प्रत्येक वेळी भडका उडायला हवा. पण तिच्या मेंदूला साधा चटकाही बसत नाही! कसं जमतं तिला? तेच तर शोधायचं आहे.

दुसरा उस्ताद आफ्रिकेत जमिनीखाली राहतो. केस नसलेला, सुरकुतलेला, दात पुढे आलेला एक उंदरासारखा प्राणी. दिसायला अगदी ध्यान! पण ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत तो १८ मिनिटं जगतो. साधा उंदीर मिनिटभरही टिकत नाही. २०१७ मध्ये त्याचं गुपित उघड झालं. ऑक्सिजन संपला की हा पठ्ठ्या चिपाडंच बदलतो! नेहमीची साखर सोडून फळांतली साखर वापरायला लागतो. तिच्यापासून थोडी ताकद हवेशिवायही मिळत राहते.

या दोघांकडून काही शिकता आलं, तर उद्या हृदयाचे चार तास आठ होतील. झुरिचच्या डॉक्टरांनी तर एक यकृत यंत्रावर तीन दिवस जिवंत ठेवलं आणि २०२१ मध्ये एका माणसाला बसवलंही! बर्फात नव्हे हं. शरीरासारख्या उबेत, रक्त फिरवत.

जाता जाता एक फार कामाचं. आपल्याकडे उसाच्या फडात साप चावतो, आणि लोक घाबरून हातापायाला करकचून दोरी बांधतात. तुम्हाला आता कळलं ना, त्यानं काय होतं? पुढचं रक्तच बंद! तासन्‌तास अशी दोरी राहिली तर हातपाय गमवायची वेळ येते. आणि दोरी एकदम सोडली की साठलेलं विष अन्‌ साठलेला सगळा बिघाड एका दमात अंगभर पसरतो. म्हणून दोरी बांधायचीच नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही. माणसाला धीर द्यायचा, आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. कोल्हापुरात असाल तर सीपीआर रुग्णालय.

आणि घरात आजोबांच्या, आजीच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम आला, किंवा बोलताना एकाएकी तोंड वाकडं झालं, तर "जरा पडा, बरं वाटेल" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. लगेच १०८ नंबर लावा. फोनला पैसे पडत नाहीत. कोण आजारी आहे, कुठं राहता, जवळची ठळक खूण काय, एवढं स्पष्ट सांगा. हा फोन तुम्हीही करू शकता!